‘नको’ म्हणायला किती सेकंद लागतात?

१,१३,०४३ आणि ४,७३,६१०. पहिला आकडा २००१च्या जनगणनेतला, दुसरा २०११च्या. दोन्ही महाराष्ट्रातल्या वाचादोष असलेल्या माणसांचे. दहा वर्षांत चौपटीहून अधिक वाढ! त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली ती जेमतेम सोळा टक्क्यांनी.

त्याशेजारी संपूर्ण देशाचा आकडा मांडून बघा. २००१ मध्ये भारतात वाचादोष असलेले लोक होते १६,४०,८६८, आणि २०११ मध्ये १९,९८,५३५. वाढ ३,५७,६६७ची. एकट्या महाराष्ट्रातली वाढ ३,६०,५६७ची. म्हणजे देशातली सगळीच्या सगळी वाढ आपण एकट्यांनी पुरवली, आणि उरलेल्या भारताची संख्या उलट २,९०० ने घटली. दर लाख लोकसंख्येमागे हिशेब केला तर चित्र आणखी विचित्र दिसतं. २००१ मध्ये महाराष्ट्रात लाखामागे ११७ आणि उरलेल्या देशात १६४ जण होते. २०११ मध्ये महाराष्ट्रात ४२२ झाले आणि उरलेल्या देशात १३९.

कागलपर्यंत चौपट व्हायचं आणि राज्याची सीमा ओलांडून निपाणीला येऊन थांबायचं, असं वागणारा आजार अजून जन्माला आलेला नाही. बदलली ती मोजणी. २०११ मध्ये प्रश्न नव्याने मांडला होता. सुटे शब्द बोलणारा पण वाक्य न जुळवू शकणारा माणूसही वाचादोषात धरायचा होता. पण प्रश्न तर देशभर तोच होता. महाराष्ट्रात कर्णदोषाचा आकडाही त्याच वेळी ९२,३९० वरून ४,७३,२७१ वर गेला. वाचा आणि कान या दोन रकान्यांतला फरक फक्त ३३९चा. जवळपास पावणेतीन कोटी दिव्यांगांच्या देशात, एका राज्यात, दोन वेगळ्या दोषांचे आकडे इतके गळ्यात गळे घालून यावेत? माझा तर्क असा की ‘मुका-बहिरा’ ही आपल्या तोंडातली जोडी नोंदवहीतही जोडीनेच उतरली असावी. तर्कच आहे, पण आकडा वाचताना तो मनात ठेवलेला बरा.

आता हेच दर एका शहराला लावून बघू. कल्याण-डोंबिवली महापालिकेची २०११ची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत-बाहेर. तिला २००१चा राज्याचा दर लावला तर वाचादोष असलेले लोक साडेचौदाशे निघतात. २०११चा लावला तर सव्वापाच हजार. २०१८च्या जुलै ते डिसेंबरमध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीने देशासाठी ०.२ टक्के हा दर काढला. त्याने अडीच हजार येतात. शहर एकच, उत्तरं तीन, आणि सगळ्यांत मोठं उत्तर सगळ्यांत लहानाच्या साडेतीन पट. कुणी अधिकारी संवादसाधनांसाठी अंदाजपत्रकात तरतूद करायला बसलाच, तर त्याने कुठला आकडा धरावा?

मला विचाराल तर तिन्ही धरू नयेत. कारण ज्याला बोलण्याऐवजी दुसरं साधन लागतं, तो बहुतेक वेळा या रकान्यात नसतोच.

आंबिवली म्हणजे कल्याणनंतर कसाऱ्याकडे जाताना दुसरं स्टेशन. शहाड गेलं की आंबिवली, पुढे टिटवाळा. पलीकडे मोहने, २००९ मध्ये बंद पडलेल्या नॅशनल रेयॉनच्या (एनआरसी) कारखान्याची वसाहत. इथल्या एखाद्या चाळीत आठ वर्षांचा मुलगा आहे असं समजा. सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, मान नीट ठरत नाही, बोलायला गेला की घशातून लांब स्वर निघतो, तो आईला कळतो, आजीला अर्धा कळतो, शेजाऱ्यांना अजिबात नाही. २०११च्या पद्धतीत एका माणसाचे तीनपर्यंत दोष नोंदवता येत, आणि एकाहून जास्त असले की तो ‘बहुविध’ या वेगळ्या रकान्यात जाई. तो रकाना महाराष्ट्रात १,६४,३४३ जणांचा आहे. प्रमाणपत्राच्या वेळीही तसंच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यातला ‘वाचा आणि भाषा’ हा प्रकार स्वरयंत्र काढून टाकणं किंवा अफेझिया (शब्द हरवणं) अशा कारणांनी आलेल्या कायमच्या दोषासाठी. सेरेब्रल पाल्सी हालचालीच्या दिव्यांगतेत येते, स्वमग्नता बौद्धिक दिव्यांगतेत. मुलाच्या कार्डावर पाय दिसतात, तोंड दिसत नाही.

हे किती जणांचं होत असेल याचा अदमास आजारांवरून बांधता येतो. हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना सेरेब्रल पाल्सी असते, आणि त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकाला बोलता येत नाही. स्वमग्न मुलांपैकी पंचवीस ते तीस टक्के मुलांचं बोलणं नसल्यात जमा राहतं. मोठ्यांत पॅरालिसिसचा झटका आलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांना अफेझिया होतो. आपल्याकडे त्याला सरळ ‘वाचा गेली’ म्हणतात. शिवाय घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र गमावलेले. या चार माणसांना एकच यंत्र चालणार नाही. स्वरयंत्र काढलेल्या माणसाची भाषा शाबूत असते, त्याला फक्त आवाज हवा असतो. बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी घशात बसवायचं ‘ओम’ हे साधन पन्नास रुपयांच्या आसपास किमतीत केलं ते अशांसाठी. अफेझियाच्या माणसाचा आवाज असतो, शब्द हरवलेले असतात. त्याच्या हातात अक्षरांचा कीबोर्ड देणं म्हणजे कुलूप हरवलेल्याला किल्ल्यांचा जुडगा देणं.

म्हणून ‘कुठलं यंत्र चांगलं?’ हा प्रश्न दुसरा. पहिला असा की, या माणसाला स्वतःच्या मनाने, दमल्यावरसुद्धा, पुन्हा पुन्हा करता येते अशी हालचाल कुठली? बोट, मूठ, गुडघा, डोळे, भुवई, काहीही. दहा वेळा सांगितलं तर किती वेळा जमतं ते मोजा, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. दहातून आठ वेळा जमणारी मूठ ही दहातून चार वेळा जमणाऱ्या बोटापेक्षा चांगली, बोट कितीही सुबक दिसो.

मग जागेचा हिशेब. फोनचा पडदा साधारण १४ बाय ७ सेंटिमीटर. त्यावर सहा ओळी आणि सहा रकाने म्हणजे ३६ चौकोन पाडले, तर एकेक चौकोन सव्वादोन बाय जेमतेम सव्वा सेंटिमीटर. हात थरथरणाऱ्या मुलाला तो लागणं शक्य नाही. तेच ३६ चौकोन ए-फोर कागदावर पाडले तर प्रत्येक चौकोन पाच बाय साडेतीन सेंटिमीटरचा, फोनच्या जवळपास सहापट क्षेत्रफळाचा. रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात वडापाव-चहाइतकेच पैसे जातात. त्याला चार्जिंग लागत नाही, पावसात भिजला तर पुसता येतो, पडला तर फुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पन्नास अग्रक्रमाच्या साहाय्यक साधनांची यादी केली, तिच्यात संवादाची सॉफ्टवेअरं आहेत तसे संवादाचे फलक, वह्या आणि कार्डंही आहेत. कागदाचा फलक म्हणजे गरिबाची तडजोड नव्हे. यंत्रवाल्यांच्याही घरी तो हवाच, कारण यंत्र कधीतरी दुरुस्तीला जातं.

ज्याला बोट लावताच येत नाही, त्याच्यासाठी स्कॅनिंग. चौकोन एकामागून एक उजळत जातात, हवा तो आला की बटण दाबायचं. इथे साधं अंकगणित मोठा फरक पाडतं. ३६ चौकोन एकेक करून फिरवले, प्रत्येकावर दोन सेकंद थांबलं, तर एका शब्दापर्यंत पोचायला सरासरी ३७ सेकंद. आधी ओळ निवडायची आणि मग ओळीतला चौकोन, असं केलं तर सरासरी १४ सेकंद. आणि नऊच चौकोन ठेवले, तीन बाय तीनचे, तर आठ सेकंद. ‘नको’ हा शब्द पहिल्या ओळीत पहिल्या घरात ठेवला तर चार सेकंद, शेवटच्या ओळीत शेवटी ठेवला तर छत्तीसच्या फलकावर ओळीने जाऊनही चोवीस. तोंडात घास कोंबला जात असताना चोवीस सेकंद! वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं की मांडणीतल्या चुका अशा दिसतात. काही तयार फलकांत पहिल्या ओळीत ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’ असतं. चाळीतल्या मुलाने पहिली ओळ शिष्टाचारावर का घालवावी?

‘नको’वरून भाषेकडे येऊ. मराठीला हा एक शब्द मिळाला आहे, पुरा नकार दोन अक्षरांत. पण ‘हवं’च्या बाबतीत आपली अडचण होते. चहा हवाय, पोळी हवीय, पाणी हवंय. इंग्रजीवरून उतरवलेल्या फलकात ‘हवं’चं एकच घर असतं, आणि मुलगा ‘चहा हवं’ म्हणू लागतो. लोक हसतात, मूल गप्प होतं. उपाय घरातच आहे. ‘पाहिजे’ लिंगानुसार बदलत नाही. चहा पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे. ‘नको’ही तसाच. पाहिजे, नको, अजून, पुरे, दे, थांब, दुखतंय, कुठे, मी, तू, ते, चल — या बारा शब्दांत दिवसाचा मोठा भाग उरकतो. आपण सगळेच दिवसभर तेच ते काही शे शब्द फिरवून वापरतो. म्हणून फळांची वीस चित्रं असलेल्या फलकापेक्षा ‘ते’ आणि ‘पाहिजे’ एवढीच दोन घरं आणि एक बोट जास्त बोलतं. क्रियापदाचं लिंग मात्र टळत नाही. ‘मी जातो’ की ‘मी जाते’? ॲप घेण्याआधी मुलीच्या हातात देऊन बघा. तयार वाक्यं तिला मुलगा करत असतील आणि ती बदलता येत नसतील, तर ते ॲप परत करा.

ॲपमध्ये मराठी घरांनी आधी बघावं असं एक आहे ‘जेलो’. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या आरेखन विभागात ते तयार झालं, मोफत आहे, मराठीत आहे. शुभेच्छा-भावना, रोजची कामं, खाणं, खेळ, माणसं, जागा असे नऊ विभाग, आणि बाजूला सहा बटणं: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी. चित्र एक आणि बाजूचं बटण दुसरं, यातून वाक्य तयार होतं. चेन्नईच्या अजित नारायणन यांच्या ‘आवाज’ने देशातल्या या क्षेत्राला दार उघडून दिलं. २०१० मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ते स्वतंत्र यंत्र होतं आणि परदेशी यंत्रांच्या किमतीच्या छोट्या अंशात मिळे. पुढे ते टॅबलेटवरचं ॲप झालं. ‘सीबोर्ड’ हे मुक्तस्रोत ॲप आहे. स्पेनमधल्या अरागॉन प्रांताच्या सरकारने अरासाक नावाने दहा हजारांहून जास्त चित्रचिन्हं मोफत खुली ठेवली आहेत, कागदी फलकासाठी ती उतरवून घेता येतात. त्यांत पाव पुष्कळ आहेत, भाकरी शोधू नका. तिचा फोटो फोनवर काढा. आपल्या परातीतली, आपल्या तव्यावरची.

अँड्रॉइड फोनला गूगलचा मराठी आवाज मोफत मिळतो. तो आधी उतरवून ठेवावा, म्हणजे नेट नसताना यंत्र मुकं होत नाही. निवड करताना माझी कसोटी अशी: फोनचं नेट बंद करा, आवाज पूर्ण वाढवा आणि फलाटावर उभे राहा. गाडी येताना दोन हातांवरच्या माणसाला ‘पाणी पाहिजे’ ऐकू गेलं तर ठीक. घराच्या शांततेत सगळीच ॲपं चांगली वाटतात.

मोठी यंत्रं आहेतच. डोळ्यांच्या नजरेवर चालणारी आयात यंत्रं लाखांच्या घरात जातात. ज्याचे फक्त डोळे हलतात त्याच्यासाठी ती चैन नाही. मध्ये कुठेतरी आवाज भरून ठेवायची साधी यंत्रं येतात: नऊ बटणं, पाच पातळ्या आणि तीन कायमची बटणं, एकूण ४८ निरोप. आवाज मावशीचा किंवा शेजारच्या दादाचा भरता येतो, आणि मुलग्याला मुलग्याचा आवाज देता येतो, हा त्यांचा खरा फायदा. तरी तोटा तोच, बाहेरून मागवायचं आणि बिघडलं तर पुन्हा बाहेर पाठवायचं.

मुंबईला या विषयाचा बराच जुना अनुभव आहे. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती आता ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. त्यांची मुलगी मालिनी चिब. सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं बाहेरच्यांना कळत नाही. लाइटरायटर नावाच्या यंत्रावर एका बोटाने टाइप करून त्या बोलतात. त्याच बोटाने आत्मकथन लिहिलं, आणि नावही ठेवलं ‘वन लिटल फिंगर’. लाइटरायटर बनवणारे केंब्रिजचे टोबी चर्चिल स्वतः आजारात वाचा गमावलेले अभियंते. १९७३ मध्ये त्यांनी ते आधी स्वतःसाठी बनवलं. गरज असलेल्यानेच मांडणी केली की ‘नको’ शेवटच्या ओळीत जात नाही.

वेगाबद्दल मात्र कुणालाही फसवू नये. आपण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. संवादसाधन वापरणारे बहुतेक जण दोन ते पंधरा. ‘मला आज शाळेत जायचं नाही’ या पाच शब्दांना तुम्हाला दोन-तीन सेकंद, त्याला मिनिटाला पाच या वेगाने पूर्ण एक मिनिट. रेशनच्या रांगेत, रिक्षात बसताना, वर्गात हजेरीला कोण एक मिनिट थांबतं? यंत्र विकत मिळतं, ते मिनिट विकत मिळत नाही.

आणखी एक आकडा घरातल्या थोरल्यांसाठी. ‘यंत्र दिलं की पोर बोलायचंच सोडून देईल’ ही भीती प्रत्येक घरात असते, काही शिक्षकही बोलून दाखवतात. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी त्या वेळेपर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातली २७ जणांची माहिती भक्कम निघाली. ८९ टक्क्यांचं बोलणं सुधारलं होतं, ११ टक्क्यांत फरक नव्हता. बोलणं कमी झालेला एकही नव्हता. सुधारणा फार मोठी नव्हती, हेही त्यांनीच लिहिलं आहे. पण भीतीच्या बाजूला शून्य आहे.

आता पैसे. केंद्राची साहाय्यक साधनांची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे. चाळीस टक्के दिव्यांगतेचं प्रमाणपत्र लागतं. सध्या महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधनाचा पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा. मोहन्यातल्या आपल्या कल्पित घरात वडील कंत्राटावर असतील तर ते पहिल्या गटात बसतील. अडचण आधीच्या पायरीवर आहे. ७६व्या फेरीत देशातल्या दिव्यांगांपैकी प्रमाणपत्र असलेले निघाले २८.८ टक्के. दहातले सात दारातच अडकले. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगतेसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. महापालिकांनी दिव्यांग कल्याणासाठी पाच टक्के निधी राखायचा असतो. अर्जात ‘टॅबलेट’ लिहू नका, ‘संवादसाधन’ लिहा. दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पर्यायी आणि पूरक पद्धती धरलेल्या आहेत. टॅबलेट म्हटलं की टेबलापलीकडच्या माणसाला खेळणं दिसतं.

तपासणीसाठी जायचं कुठे? वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, १९८३ पासून. लहान मुलांसाठी ‘उम्मीद’ आहे, तीही मुंबईतच. आंबिवलीहून निघालं की दादरला उतरायचं, मूल कडेवर घेऊन पूल चढायचा, पश्चिम रेल्वे पकडायची, वांद्र्याला पुन्हा रिक्षा किंवा बस. जाऊन येऊन दिवस जातो, एकाचा कामावर खाडा. आठवड्यातून दोनदा हे कुणाला झेपत नाही, आणि झेपवावंही लागू नये. मूल आठवड्यात साधारण ९८ तास जागं असतं. थेरपी मिळाली तरी त्यातला एक तास, म्हणजे एक टक्का. उरलेले ९७ तास आई, आजी, भाऊ, दुकानदार आणि शाळेतली बाई. म्हणून वांद्र्याची फेरी तपासणीसाठी आणि फलक बेतून घेण्यासाठी करावी. रोजचा सराव घरी. घरातल्यांनीही त्याच फलकावर बोट ठेवत बोलायचं: चल, जेवायचं, अजून पाहिजे? पुरे? आपण कुणी वापरत नाही ती भाषा मूल एकटं शिकत नाही.

आणि फलक करायला बसाल तेव्हा छत्तीस घरं भरण्याआधी एक घर राखून ठेवा. वरच्या ओळीत, ‘नको’च्या शेजारी. त्यात लिहायचं: ‘मला म्हणायचंय ते इथे नाही.’